विशेष शाळेचं नवं सत्र: पहिल्या पंधरा दिवसांत काय तपासायचं?

पाटीपेन्सिल

सत्र उघडताना विशेष शाळांमध्ये बराचसा वेळ सजावट, वेळापत्रक आणि स्वागतात जातो. मूल मात्र गेल्या सत्राच्या फाइलवरूनच पुढे चालू होतं. तीच खुर्ची, पट्ट्याचं तेच भोक, औषधांचा तोच तक्ता, तीच उद्दिष्टं. मधल्या सुट्टीत मांडीची लांबी वाढलेली असते, कानाची पोकळी बदललेली असते, वजन वाढलं म्हणून फीटच्या औषधाची मात्राही बदललेली असू शकते. म्हणून पहिले पंधरा दिवस नवीन शिकवणं बाजूला ठेवावं आणि फाइल नव्याने भरावी, असं माझं मत आहे. ज्याला ज्या विषयातलं कळतं त्याने ते नेमकं लिहावं, यासाठी हा धागा. ‘मुलांना प्रेम द्या’ छापाचे प्रतिसाद नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत.

सुरुवात घरी पाठवायच्या कागदापासून करते. शाळा उघडण्याच्या आठ-दहा दिवस आधी एकच पान पाठवायचं. औषधाचं नाव, मात्रा किंवा वेळ बदलली का? शेवटची फीट कधी आली, किती मिनिटं टिकली, कशी दिसली? प्लास्टर, शस्त्रक्रिया, बोटॉक्स (आखडलेले स्नायू सैल करणारं इंजेक्शन) झालं का? खाण्याचा पोत बदलला का? झोप किती वाजता, जाग किती वाजता? नवीन भीती कोणती, नवीन वेड कशाचं? घरी सध्या दिवसभर कोण सांभाळतं?

एक गोष्ट टाळा. ‘वागण्यात काही बदल?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. त्याऐवजी ‘काल दुपारी चारपासून झोपेपर्यंत काय काय झालं ते लिहा’ असं विचारा. त्या सहा ओळींतून झोप, जेवण, स्क्रीन, चिडचिड, शौच सगळं निघतं.

काटकोन

वाचनखूण साठवली. व्हीलचेअर आणि बसण्याबद्दल लिहितो.

मोजमाप नेहमी ओटीपोटापासून सुरू करायचं, पायांपासून नाही. कंबर मागच्या आधाराला टेकवून सरळ बसवा. नितंबांच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत अंतर घ्या आणि त्यातून २.५ ते ५ सेंमी वजा करा, ती बैठकीची खोली. म्हणजे गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जायला हवीत. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा. एक खुबा निखळलेला असेल तर लांबीत फरक दिसतो. बैठक जास्त खोल असेल तर मूल पुढे घसरतं, पाठीचा बाक वाढतो, आणि मग मदतनीस ‘नीट बस’ म्हणत दिवसभर वर ओढत राहतात. दोष मुलाचा नसतो. उलट बैठक उथळ पडली, म्हणजे मूल वाढलं, तर मांडीला पुरेसा आधार राहत नाही आणि सगळा भार नितंबांच्या हाडांवर येतो.

पायफळी वर असेल तर गुडघे उचलले जातात, तेव्हाही भार मागे हाडांवर जातो. खाली असेल तर पाय लोंबकळतात आणि मूल पुढे सरकतं. कमरेचा पट्टा बैठकीशी साधारण ४५ अंशांत, मांडी आणि पोट यांच्या घडीत बसला पाहिजे. पोटावर चढलेला पट्टा मुलाला धरत नाही, फक्त पोट दाबतो.

खुर्चीचंही तपासा. ब्रेक लागत नाही अशी तक्रार आली की लोक पाना घेऊन ब्रेक आवळतात. बहुतेक वेळा चाकातली हवा गेलेली असते. ब्रेकचा दांडा टायरवर दाबून धरतो, टायर मऊ पडला की पकड जाते. आधी हवा भरा, मग ब्रेक बघा. पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने काढा. उशी उलटी किंवा मागचा भाग पुढे करून ठेवणं ही दर सत्रातली चूक आहे, म्हणून उशीच्या पुढच्या बाजूला रंगीत पट्टी शिवा.

स्प्लिंटबद्दल: एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा स्प्लिंट) काढल्यावर कातडीवरचा लालसरपणा २० ते ३० मिनिटांत गेला पाहिजे. तो टिकला, विशेषतः घोट्याच्या हाडावर किंवा टाचेवर, तर स्प्लिंट लहान झालाय. तो घालणं थांबवा आणि बनवणाऱ्याकडे पाठवा, आत कापूस कोंबून चालवू नका. सुट्टीत वापर सुटला असेल तर पहिल्या दिवशी एक तास, मग रोज थोडं वाढवत आठवडाभरात पूर्ण वेळ. स्टँडिंग फ्रेमचंही (पट्ट्यांनी आधार देऊन उभं करायची चौकट) तसंच. गेल्या सत्रात ४५ मिनिटं उभं राहणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी १०-१५ मिनिटं पुरे. मांडीमागचे स्नायू आखडलेले असतात. तशात पट्टे आवळून ताणलं तर मूल फ्रेम दिसली की रडायला लागतं आणि मग सत्रभर तोच तमाशा.

शीळ

कर्णबधिर वर्गाचं लिहिते. रोज सकाळी पहिल्या तासाआधी श्रवणयंत्र तपासणी, मुलामागे दीड-दोन मिनिटं. ऐकू येणं तपासायचे ‘लिंग’ (Ling, तज्ज्ञाचं आडनाव) यांचे सहा ध्वनी मराठीत आयतेच आहेत: म, ऊ, आ, ई, श, स. कानावर यंत्र चढवून, तोंड कागदाने झाकून (हाताने नको, आवाज दबतो), साध्या बोलण्याच्या आवाजात, क्रम बदलत आणि मध्ये मध्ये गप्प राहत म्हणायचं. लहान मूल ऐकू आलं की ठोकळा टाकेल, मोठं मूल ध्वनी परत म्हणेल. ‘म’ आणि ‘ऊ’ खालच्या पट्टीचे, ‘श’ आणि ‘स’ वरच्या. काल ‘स’ पकडणाऱ्या मुलाने आज सोडला तर यंत्र, नळी, बॅटरी किंवा कान यांपैकी कशात तरी बिघाड आहे.

यंत्राच्या झिंक-एअर (हवा लागली की चालू होणाऱ्या) बॅटऱ्यांचा आकार-क्रमांक रंगावरून ओळखा: पिवळी १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळी ६७५. चिकटपट्टी काढल्यावर लगेच बसवू नका, निदान एक मिनिट हवा लागू द्या, नाहीतर ताकद कमी मिळते. पट्टी परत लावून बॅटरी ‘वाचत’ नाही. सुट्टीभर यंत्रातच राहिलेली बॅटरी पाझरून संपर्कावर पांढरी बुरशीसारखी भुकटी जमते, ती बघा.

यंत्रातून शीळ वाजते (माझं नाव तिथूनच) म्हणजे कान वाढला, कानात बसणारा साचा सैल झाला, आवाज बाहेर गळून परत माइकमध्ये शिरतोय. किंवा कानात मळ आहे. आवाज कमी केला की शीळ थांबते, पण मुलाला ऐकू येणंही थांबतं. साचा नवीन घ्यावा लागतो. लहान मुलांना वर्षातून अनेकदा लागतो. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर साचा यंत्रापासून सोडवून रबरी फुग्याच्या पिचकारीने हवा मारा, तोंडाने फुंकू नका, फुंकीत ओलच असते.

वर्गात अर्धवर्तुळ. शिक्षकाच्या पाठीमागे खिडकी नको, चेहरा काळा दिसतो. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. माइक लावत असाल तर ओठांखाली १५-२० सेंमी, आणि वर्गाबाहेर जाताना बंद. शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पा मुलांच्या कानात थेट जातात, हे सत्राच्या पहिल्या आठवड्यात हमखास घडतं.

रिकाम्या वर्गाचा गोंगाट ३५ डेसिबलच्या आत आणि आवाजाची घुमण ०.६ सेकंदाच्या आत असावी असं मानक आहे. ते गाठणं कठीण, पण खुर्च्यांचं खरखरणं तरी बंद करता येतं. जुने टेनिसचे चेंडू कापून पायांना बसवा, स्वस्तात काम होतं.

दुपारची_घंटा

@शीळ, बाकी सगळं पटलं, टेनिसचे चेंडू मात्र नकोत. त्यात नैसर्गिक रबर असतं. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न मिटलेला) असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्सच्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण खूप जास्त असतं, कारण लहानपणापासून झालेल्या शस्त्रक्रिया आणि कॅथेटर यांतून लॅटेक्सशी वारंवार संबंध येतो. चेंडू झिजतो, त्याची धूळ उडते. खुर्चीच्या पायांना फेल्टच्या चकत्या चिकटवा.

आणि याच कारणासाठी स्वागताचे फुगे बंद. फुटलेल्या फुग्यातून लॅटेक्सचे कण हवेत जातात, स्पर्श न होताही त्रास होऊ शकतो. कागदी पताका लावा. हातमोजे नायट्रिलचे. रबरबँड, खोडरबर, पोहण्याच्या टोप्या, प्रथमोपचार पेटीतल्या पट्ट्या यांची सत्राच्या सुरुवातीला एकदा झडती घ्या.

शीळ

मान्य. फेल्टच. त्या चकत्या महिन्याभरात निघतात, तेवढं लक्षात ठेवून जादा आणा.

चौथा_तास

पाटीपेन्सिल यांच्या मूळ मुद्द्याशी अर्धाच सहमत आहे. पंधरा दिवस शिकवायचं नाही म्हणजे मुलांनी करायचं काय? स्वमग्न मुलांच्या वर्गात मोकळा वेळ म्हणजे आमंत्रणच. हात रिकामे राहिले की ओरडणं, पळणं, चावणं सुरू. आणि मग त्या वागण्याची नोंद ‘मूळ पातळी’ म्हणून फाइलमध्ये जाते, जी मुळात खोटी असते.

पाटीपेन्सिल

@चौथा_तास, मोकळा वेळ द्या असं म्हटलेलं नाही, माझी मांडणी तोकडी पडली. पहिल्या तासापासून काम द्यायचं, फक्त ते आधी येत असलेलं. पाच कामांपैकी चार हातखंडा, एक किंचित वरचं. मूल कामात असतानाच मोजणी होते: किती वेळ बसलं, कितव्या सूचनेला हललं, हाताला हात लावावा लागला की नुसतं बोट दाखवून भागलं.

चौथा_तास

मग ठीक. त्या वर्गाची मांडणी लिहितो.

दिवसाचा चित्रतक्ता गेल्या सत्रात मूल ज्या पायरीवर होतं तिच्या एक पायरी खालून सुरू करा. पायऱ्या अशा: खरी वस्तू, फोटो, रेषाचित्र, लिहिलेला शब्द. शब्द वाचणाऱ्या मुलालाही पहिल्या आठवड्यात शब्दासोबत चित्र द्या. ताणाखाली वाचन आधी जातं. पहिल्या दिवशी तक्त्यावर तीन-चारच चित्रं. अख्खा दिवस लावला तर मूल शेवटचं ‘घरी’ तेवढं बघतं आणि ते चित्र ओरबाडून आणून देतं. काम झालं की चित्र ‘संपलं’च्या डब्यात मुलाने स्वतः टाकायचं. शिक्षकाने टाकलं तर तक्ता शिक्षकाचा होतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९७२मध्ये सुरू झालेल्या ‘टीच’ कार्यक्रमातली कामाच्या जागेची मांडणी अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. डावीकडे करायच्या कामाच्या टोपल्या, उजवीकडे झालेल्या कामाची जागा, मध्ये मूल. किती काम, कोणतं काम, कधी संपणार आणि नंतर काय, ही चार उत्तरं न बोलता दिसली पाहिजेत. टेबलासमोरची भिंत कोरी. सजावट करायचीच असेल तर मुलांच्या पाठीमागच्या भिंतीवर करा.

शाळा उघडण्याआधी आठवडाभर घरी फोटोंची पुस्तिका पाठवा. आठ ते दहा फोटो: फाटक, गाडी, वर्गाचं दार, बसायची जागा, शिक्षक, मदतनीस, स्वच्छतागृह, निघायची जागा. फोटो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. मोठ्या माणसाच्या उंचीवरून काढलेला दरवाजा मुलाने कधी तसा पाहिलेलाच नसतो. पानं सुटी ठेवून रिंगमध्ये ओवा, शिक्षक ऐनवेळी बदलले तर एक पान बदलून भागतं.

स्वच्छतागृहातलं हात वाळवायचं यंत्र बंद करून कागद ठेवा. ‘शौचाला जात नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा ते यंत्र किंवा फ्लशचा आवाज असतो.

उंबरठ्यावर

नवीन प्रवेशाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात अर्धा वेळ बोलवावं की पूर्ण? मतं टोकाची ऐकू येतात.

चौथा_तास

मुलावर अवलंबून, पण दोन नियम पाळा. घरी जायची वेळ आधी ठरवा आणि ती घड्याळाने पाळा. मूल फार रडलं म्हणून लवकर सोडलं की ‘रडलं की घरी’ हे पहिल्याच दिवशी शिकवून झालं. वेळेच्या आधी सोडायचंच झालं तर रडणं थांबल्यानंतरच्या शांत क्षणी सोडा. (ताप, फीट, दुखणं असेल तर अर्थात हा नियम लागू नाही, आधी ते तपासा.)

दुसरं, दिवस कापायचा तर सुरुवातीचा कापा, शेवटचा नको. मूल दीड तास उशिरा येऊन सगळ्यांबरोबर निरोपाचं गाणं म्हणून निघालं तर दिवसाचं टोक रोज तेच राहतं. रोज वेगळ्या ठिकाणी दिवस तोडला तर वाढीव वेळ म्हणजे मुलाच्या दृष्टीने रोज नवीन फसवणूक.

काटकोन

शारीरिक अक्षमतेच्या मुलांत उलटं होऊ शकतं. थकवा दुपारी येतो, विशेषतः ड्युशेन (स्नायू हळूहळू कमजोर करणारा आजार) असलेल्या मुलांमध्ये. त्यांचा दिवस शेवटूनच कापावा लागतो. आणि या मुलांना काखेत हात घालून उचलू नका. खांद्याचा पट्टा कमजोर असतो, मूल हातातून निसटतं. जिने उतरणं, उड्या मारणं यासारखे स्नायूंना ताणत भार टाकणारे व्यायाम त्यांना अपाय करतात. खेळाच्या शिक्षकाला हे पहिल्या दिवशी लेखी द्या. डाउन सिंड्रोमच्या मुलांबाबतही एक ओळ हवी: मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा ढिला असू शकतो, म्हणून कोलांटी आणि ट्रॅम्पोलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. चाल अचानक बिघडली, मान वाकडी धरली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दाखवा.

दुपारची_घंटा

औषधांकडे येते.

औषध मूळ खोक्यात, मुलाच्या नावाच्या चिठ्ठीसह आणि डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीच्या प्रतीसहच घ्या. डबीत सुट्या गोळ्या आल्या तर परत पाठवा. घेताना पालकांसमोर मोजा, आकडा लिहा, दोघांच्या सह्या. देताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. सिरपमध्ये होणारी नेहमीची चूक म्हणजे मिलिग्रॅम आणि मिलिलिटरची गल्लत. एकच सिरप दोन ताकदींत मिळतं, बाटली बदलली की तेवढेच मिलिलिटर म्हणजे दुप्पट औषध होऊ शकतं. तक्त्यावर दोन्ही आकडे लिहा. मोजायला तोंडाने द्यायची सिरिंज वापरा, चमचा नाही. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत, सगळं औषध एकदम सुटतं. मूल गिळत नसेल तर डॉक्टरांकडून रूप बदलून घ्या.

फीट सत्राच्या सुरुवातीला वाढतात, त्याला साधं कारण आहे. सुट्टीत उशिरा उठायची सवय, शाळा उघडली की अचानक दोन तास लवकर. झोप तुटते आणि सकाळच्या गोळीची वेळही सरकते किंवा गडबडीत राहते. उपाय: शाळेच्या आठवडाभर आधीपासून उठण्याची वेळ रोज १५ मिनिटांनी अलीकडे आणा. गोळीची वेळ कशी सरकवायची ते डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

फीट आली तर घड्याळ बघा. डोक्याखाली मऊ काहीतरी, भोवतालचं टणक दूर, गळ्याशी घट्ट असेल ते सैल. झटके थांबताच कुशीवर. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय धरून ठेवायचे नाहीत. पाच मिनिटांच्या पुढे गेली, लागोपाठ दुसरी आली किंवा श्वास नीट परतला नाही तर रुग्णवाहिका. तातडीचं औषध लिहून दिलेलं असेल तर ते किती मिनिटांनी द्यायचं हे मुलाच्या स्वतःच्या आराखड्यावर असतं. त्या औषधाची मुदत सुट्टीत संपलेली असते, आधी तेच बघा. आणि ते कपाटात कुलूप लावून किल्ली कार्यालयात, असं ठेवू नका. ते मुलाबरोबर फिरलं पाहिजे: मैदानावर, गाडीत, सहलीला.

डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) असलेल्या मुलाला डोकेदुखी, उलटी आणि नेहमीपेक्षा जास्त झोप एकत्र दिसली तर ‘पित्त असेल’ म्हणून आडवं करू नका, लगेच कळवा.

शिसवी

भरवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ‘मऊ अन्न’ हा शब्द तक्त्यावरून काढून टाका, प्रत्येकाचं मऊ वेगळं. आंतरराष्ट्रीय पोत-पातळ्या ० ते ७ आहेत, त्यातला आकडा लिहा. पातळी ४ म्हणजे गुळगुळीत लगदा: चमच्यावर ढीग टिकतो आणि चमचा वाकवला की एकसंध गोळा पडतो. पातळी ५मध्ये लहान मुलांसाठी कण २ मिमी रुंदीचे, पातळी ६मध्ये तुकडे ८ मिमीपर्यंत. भरवणाऱ्याने मुलाच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. उभं राहून भरवलं की मूल मान वर करतं, श्वासनलिका उघडी पडते आणि घास चुकीच्या नळीत जाण्याचा धोका वाढतो. पाय टेकलेले, हनुवटी किंचित आत. खोकला म्हणजे निदान शरीर प्रतिकार करतंय. खोकला न येता आवाज ओलसर, घरघरता झाला तर जास्त काळजी करा. पोटातल्या नळीने देत असाल तर निदान ३० अंश उंच, आणि संपल्यावरही अर्धा तास तसंच. नंतर नळीतून पाणी सोडायला विसरलात तर नळी चोंदते.

धूसर

अल्पदृष्टी आणि अंध मुलांचं.

मोठ्या अक्षरांचं साहित्य छापताना इंग्रजी नियम जसेच्या तसे देवनागरीला लावू नका. रोमन लिपीत अक्षरांमधलं अंतर वाढवतात. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेखा तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. त्याऐवजी शब्दांमधलं आणि ओळींमधलं अंतर वाढवा. ओळींमधलं जास्त महत्त्वाचं, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा अनुस्वार एकमेकांत घुसतात. आकार १८ ते २४ पॉइंटपासून सुरू करून मुलाबरोबर ठरवा. अनुस्वार आणि रफार वाचता येतात का, ही खरी कसोटी. ‘मंद’चं ‘मद’ वाचत असेल तर आकार अपुरा आहे. लॅमिनेशन चकाकतं, साधा मॅट कागद बरा. पुस्तक सपाट टेबलावर न ठेवता तिरक्या फळीवर ठेवा, मान वाचते.

बसण्याची जागा ठरवताना ‘पहिला बाक’ हे उत्तर पुरेसं नाही. अल्बिनिझम (जन्मतः रंगद्रव्य कमी, उजेडाचा त्रास) असलेल्या मुलाची पाठ खिडकीकडे हवी. डोळे सतत हलणारी (निस्टॅग्मस) मुलं मान एका बाजूला वळवून बघतात, कारण त्या कोनात डोळ्यांचं हलणं कमी होतं. ती मान सरळ करायला लावू नका. मान डावीकडे वळत असेल तर फळा उजवीकडे येईल असं बसवा.

अंध मुलांसाठी सुट्टीत काय हललं ते आधी लिहून काढा: कपाट, कुंडी, पाण्याची टाकी, फळा. पहिल्या दिवशी मुलांबरोबर भिंतीला हात लावत एक फेरी. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, अर्धवट दाराची कडा कपाळावर बसते. काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी, दर सत्राला उंची तपासा, आणि काठीचं टोक झिजलंय का तेही. नवीन मदतनिसांना एवढं शिकवा: मुलाला ढकलत न्यायचं नाही, मूलच तुमचा हात कोपराच्या वर धरतं (लहान असेल तर मनगट) आणि अर्धं पाऊल मागे चालतं.

ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून डावीकडून वाचतात, हे नव्या शिक्षकाला माहीत नसलं की मुलाचं बरोबर लिहिलेलं चूक ठरतं. कागद १४० ते १६० जीएसएमचा. पातळ कागदावर ठिपके फाटतात आणि बोटाखाली बसून जातात. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात, तेव्हा पुस्तकांची मागणी सत्र सुरू व्हायच्या बरीच आधी गेली पाहिजे. गणिताच्या टेलर फ्रेमचे (अंध मुलांची आकडे मांडायची पाटी) टाइप, म्हणजे तिच्या खाचांत बसवायचे छोटे ठोकळे, मोजून ठेवा. अर्धे हरवलेले असतील तर भागाकार मध्येच थांबतो आणि ‘गणित जमत नाही’ असा शेरा पडतो.

बोलकी_पाटी

न बोलणाऱ्या मुलांच्या संवादसाधनांचं. टॅबलेट सुट्टीभर कपाटात पडून बॅटरी पूर्ण उतरलेली असते, चार्जर हरवलेला असतो, आणि कुणीतरी मध्येच त्यात गेम टाकलेले असतात. शाळेच्या दोन दिवस आधी चार्ज करा, शब्दसंचाची प्रत काढा, मुख्य पान कागदावर छापून गळ्यात अडकवता येईल असं करा. यंत्र बंद पडलं तर मूल मुकं होता कामा नये.

बटणांच्या जागा बदलू नका. मूल चित्र बघून नाही, हाताच्या सवयीने दाबतं. नवीन शब्द रिकाम्या चौकटीत घाला. नामांपेक्षा ‘अजून, नको, थांब, संपलं, मदत, दुखतंय, मी, तू’ हे शब्द आधी, ते दिवसभर लागतात. मराठीत एक अडचण आहे: ‘खेळतो’ दाबलं तर मुलगी बोलत असताना चूक, ‘खेळते’ ठेवलं तर मुलगा अडतो. सुरुवातीला ‘खेळू’, ‘खाऊ’, ‘जाऊ’ ही रूपं ठेवा, लिंग आड येत नाही. मुलाने दाबावं म्हणून मोठ्यांनी आधी स्वतः बोलता बोलता बटणं दाबून दाखवायची, मग गप्प राहून मनात दहा मोजायचं. दहा सेकंद फार लांब वाटतात, म्हणूनच मोजायचे.

चित्रांची देवाणघेवाण (पेक्स) नव्याने सुरू करत असाल तर पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. समोरचा वस्तू दाखवतो, मागचा गप्प राहून मुलाचा हात चित्राकडे आणि मग समोरच्याच्या तळहाताकडे नेतो. ‘काय हवंय?’ असं विचारायचं नाही. विचारलं तर मूल प्रश्नाची वाट बघायला शिकतं.

उंबरठ्यावर

गाडीबद्दल कुणी सांगेल का? व्हीलचेअरसकट नेतात ती.

काटकोन

खुर्ची पुढे तोंड करूनच, आडवी कधीच नाही. चार पट्टे, दोन पुढे दोन मागे, आणि ते खुर्चीच्या पक्क्या सांगाड्याला. चाकाला, हातफळीला किंवा निघणाऱ्या पायफळीला लावलेला पट्टा धक्क्यात काही धरत नाही. मुलाचा पट्टा वेगळा: कंबर आणि खांदा, गाडीला बांधलेला. खुर्चीचा स्वतःचा पट्टा बसण्याच्या ठेवणीसाठी असतो, अपघातासाठी नाही. समोरचा ट्रे काढून वेगळा बांधा. शाळा उघडायच्या आधी एकदा रिकाम्या गाडीने पूर्ण फेरी मारा आणि प्रत्येक थांब्यावर चढवायला-उतरवायला किती मिनिटं लागतात ते लिहा. लिफ्टने एक खुर्ची बांधून होईपर्यंत पाच-सात मिनिटं सहज जातात, चार मुलं असली की शेवटचं मूल त्या हिशेबाने उशिरा पोचतं. गाडीतल्या मदतनिसाकडे प्रत्येक मुलाचं एक कार्ड: बोलतो कसा, फीट येते का, औषध कुठे, उतरवताना फक्त कुणाच्या ताब्यात द्यायचं.

पाटीपेन्सिल

मोजणीच्या बाजूचं राहिलं होतं. एका कौशल्याची नोंद वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा घ्या. पहिला दिवस त्यात धरू नका. सुट्टीत मागे पडलेलं दोन-तीन आठवड्यांत परत आलं तर ते विसरणं नव्हतं, सवय सुटली होती. नाही आलं तर उद्दिष्ट नव्याने लिहायचं. ‘हात धुण्यात सुधारणा होईल’ असं लिहू नका. ‘चित्रतक्ता समोर असताना, तोंडी सूचनेशिवाय, पाचपैकी चार दिवस, हात धुण्याच्या सहाही पायऱ्या करेल’ असं लिहा. शौचाचं वेळापत्रक तर कधीच अंदाजाने करू नका. तीन ते पाच दिवस दर अर्ध्या तासाला कोरडं की ओलं एवढं लिहा, वेळा आपोआप दिसतात.

चौथा_तास

आगीचा सराव पहिल्या आठवड्यात ठेवू नका, पण लांबणीवरही टाकू नका. आधी घंटेचा आवाज ध्वनिमुद्रित करून अगदी हळू वाजवा, रोज थोडा मोठा. सरावाच्या दिवशी चित्रतक्त्यावर त्याचं चित्र हवं. कर्णबधिर वर्गात चमकणारा दिवा लागतो का ते तेव्हाच बघून घ्या. लिफ्ट बंद असताना वरच्या मजल्यावरची कोणती खुर्ची कोण आणि कशी उतरवणार, हे मुलागणिक नावानिशी लिहिलेलं हवं, आणि त्या माणसाच्या गैरहजेरीत कोण, तेही.

उंबरठ्यावर

सगळ्यांचे आभार, छापून घेतोय. शेवटचा किरकोळ प्रश्न: कपड्यांचे जादा जोड किती ठेवावेत?

शिसवी

दोन, आतल्या बाजूला नाव घालून. स्प्लिंट घालणाऱ्यांना गुडघ्यापर्यंतचे, शिवण नसलेले मोजेही दोन जोड. शिवण स्प्लिंटच्या आत आली की तिथेच फोड येतो. आणि जोड घरून आले की घालून बघा. मागच्या सत्राची पँट असते, ती वर चढत नाही.